फिर्गज, पॅरिश, धर्मग्राम

महाडच्या बाजारपेठेत रोज पोर्तुगीज बोललं जातं, फक्त बोलणाऱ्यांना ते ठाऊक नसतं. पिंप, घमेलं, बालदी, चावी, फीत, लिलाव, बटाटा, पाव, आणि औद्योगिक वसाहतीतल्या माणसाचा महिना ज्याच्यावर टेकलेला असतो तो पगार, हे सगळे समुद्रावरून आलेले शब्द. खुद्द पोर्तुगीज मात्र महाडला राज्य करायला कधी आले नाहीत. त्यांचा अंमल चौल-रेवदंड्याला होता आणि तोही १७४० मध्ये संपला. पण सावित्रीच्या खाडीतून गलबतं महाडपर्यंत वर येत. माल उतरला की मालाचं नावही धक्क्यावर उतरतं. त्याला कुणाचं राज्य लागत नाही.

या मालात धर्माचेही काही शब्द होते. क्रूस हा पोर्तुगीजच. नाताळही त्यांचाच, त्याच्यामागे लॅटिन ‘नातालिस’, म्हणजे जन्माचा. मराठी दिनदर्शिकेने हा शब्द असा काही आपलासा केला, की आसपास ख्रिस्ती घर नसलेल्या गावातही पंचवीस डिसेंबरच्या चौकोनात नाताळ छापलेला असतो. महाडात त्या तारखेला आणखी एक अर्थ आहे. १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर त्याच वर्षी पंचवीस डिसेंबरला इथे मनुस्मृतीचं दहन झालं. त्यामुळे सरकारी सुट्टी नाताळची असली, तरी गावाची आठवण वेगळी असते.

पाद्री म्हणजे ‘पाद्रे’, बाप. आता रायगडात काय किंवा मुंबईत काय, कॅथलिक माणूस आपल्या धर्मगुरूला ‘फादर’ म्हणतो. अर्थ तोच, भाषा बदलली. पण पाद्री हा शब्द मराठीत बाहेरून पाहणाऱ्यांच्या तोंडी जास्त राहिला आणि त्याला किंचित दुरावा चिकटला. बापाला बाप म्हणणारा शब्द परका वाटावा, ही आपल्या इतिहासाची करणी.

एक शब्द मात्र खाडी चढून वर आलाच नाही. तो म्हणजे ‘फ्रेगेझिया’. एका चर्चभोवती जमणाऱ्या, एका धर्मगुरूच्या देखरेखीखाली राहणाऱ्या लोकांच्या समूहाला पोर्तुगीज भाषेत हे नाव आहे. गोव्यात त्याचं फिर्गज झालं आणि तो शब्द कोकणीत पक्का रुजला. मराठीने पिंप घेतलं, पाद्री घेतला, फिर्गज घेतली नाही. मला यात भाषेचा एक साधा व्यवहार दिसतो. वस्तूचं नाव एकट्याने प्रवास करतं, सणाचं नाव दिनदर्शिकेवर बसून येतं, एकट्यादुकट्या माणसाचं नावही कुणाच्या तरी तोंडून पुढे जातं. समूहाचं नाव मात्र तो समूह स्वतः हलल्याशिवाय हलत नाही. महाड-पोलादपुराकडे कॅथलिक कुटुंबं आली ती बहुतेक नोकरी-धंद्याच्या निमित्ताने, एकेक करून, आणि येताना मुंबईचा इंग्रजी ‘पॅरिश’ घेऊन आली.

फ्रेगेझियाची व्युत्पत्ती मोठी मायाळू आहे. मुळात ‘फिलियस एक्लेझिए’ म्हणजे चर्चचं लेकरू. हे दोन लॅटिन शब्द सामान्य लोकांच्या तोंडी घासून घासून एक झाले आणि त्यातून ‘फ्रेगेश’ निघाला. अशा लेकरांचा जो मेळा ती फ्रेगेझिया. पोर्तुगालमध्ये हा शब्द पुढे सरकारी कागदात शिरला आणि आजही तिथे स्थानिक प्रशासनाच्या सर्वांत लहान घटकाला हेच नाव आहे. ‘फ्रेगेश’ने तर आणखी मजल मारली. नेहमीच्या दुकानात नेहमी येणारा तोही ‘फ्रेगेश’, म्हणजे गिऱ्हाईक! चर्चचं लेकरू आणि वाण्याचं गिऱ्हाईक एकाच शब्दात राहतात. फादरांना हे सांगितलं तर ते हसतील, आणि मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, फक्त नाताळ-ईस्टरला उगवणाऱ्यांची आठवण काढतील.

गोव्यातल्या फिर्गजीभोवती शब्दांचं मोठं गोकुळ आहे. फेस्त (सण), तेर्स, लादाय्न (प्रार्थनामाला), खुरीस (क्रूस), कपेल (छोटं चर्च), कुमसार (पापकबुली), कुमगार (ख्रिस्तप्रसाद), आणि विगार (फिर्गजीचा धर्मगुरू). सगळे पोर्तुगीज, सगळे कोकणी उच्चारात वळलेले. यातला ‘तेर्स’ मला विशेष आवडतो. ‘तेर्सो’ म्हणजे एक तृतीयांश. पूर्ण जपमाळेत ‘नमो मारिया’ची प्रार्थना दीडशे वेळा असायची, स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांच्या हिशेबाने. संध्याकाळी घरात माणसं बसत ती तिचा तिसरा भाग म्हणायला, म्हणून तेर्स. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जपमाळेत प्रकाशाच्या पाच रहस्यांची भर घातली. तेव्हापासून हिशेबाने तो पाव भाग झाला. पण घरोघरी अजून तेर्सच चालतो. गणितापायी कुणी आजीचा शब्द टाकत नाही.

रायगड जिल्ह्यातच याहून नवलाची गोष्ट आहे. मुरुडच्या वाटेवर कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई आहे. किल्ल्याखाली गाव, गावात माऊंट कार्मेल मातेचं चर्च, आणि त्या चर्चच्या लोकांची स्वतःची भाषा. ते तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, आपली भाषा. शब्द पुष्कळसे पोर्तुगीज, आणि वाक्याच्या ठेवणीवर मराठीचा हात फिरलेला. क्लेमंट्स या भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. बोलणारे हजाराच्या आसपास. राज्य गेलं, किल्ला ओस पडला, तरी भाषा पावणेतीनशे वर्षांवर टिकली. का टिकली? एक कारण हे, की आजूबाजूच्या हिंदू-मुसलमान गावांत हा एक धर्मसमूह एकाच चर्चभोवती, एकाच वस्तीत राहिला आणि लग्नंही आपसातच करत राहिला. त्याच जिल्ह्यात घाटाच्या पायथ्याला पिंप आणि घमेलं एवढेच सुटे शब्द पोचले. समुद्राकाठी मात्र समूह राहिला म्हणून व्याकरणासकट भाषा राहिली.

आता ‘पॅरिश’. इंग्रजी शाळेतून आलेला म्हणून हा शब्द कोरडा वाटतो, पण तिघांत सगळ्यात बोलका तोच आहे. तो फ्रेंच आणि लॅटिनमधून मागे मागे जात ग्रीक ‘पारोइकिया’पर्यंत पोचतो. ‘पारा’ म्हणजे शेजारी, बाजूला. ‘ओइकोस’ म्हणजे घर. हा ओइकोस आपल्या ओळखीचा निघतो. संस्कृतातला ‘वेश’, म्हणजे घर, आणि ‘विश्’, म्हणजे वस्ती किंवा लोक, हे त्याचेच सख्खे. ‘प्रवेश’ आणि ‘वैश्य’ याच कुळातले. ‘पारोइकोस’ला अगदी जुळणारा शब्द ऋग्वेदात आहे: ‘प्रतिवेश’, शेजारी.

पण ग्रीक नगरात पारोइकोस नुसता शेजारी नव्हता. तो नगरात राहायचा, धंदा करायचा, मात्र नगराचा नागरिक नसायचा. सभेत त्याला मत नव्हतं. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे. देशावरच्या जुन्या कागदांत गावातले शेतकरी दोन प्रकारचे असत: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचं घर वंशपरंपरेचं, गावकीत त्याला मान. उपरी बाहेरून आलेला, कराराने जमीन कसणारा, आज आहे उद्या नाही. पारोइकोस म्हणजे उपरी. आणि पारोइकिया, जिचं पुढे पॅरिश झालं, ती उपऱ्यांची वस्ती.

हे रूपक कुणा पंडिताने नंतर शोधून काढलेलं नाही. हिब्रू धर्मग्रंथाचं ग्रीक भाषांतर झालं त्यात अब्राहामाच्या तोंडी हाच शब्द आहे. सारा वारली, तिला पुरायला त्याच्याकडे जमीन नव्हती. तो त्या मुलखातल्या हित्ती लोकांपुढे उभा राहिला आणि मी तुमच्यातला पारोइकोस आहे असं सांगून कबरीपुरती जागा विकत मागितली. थोड्या, विखुरलेल्या ख्रिस्ती घरांच्या गावात आजही पहिल्यांदा अडतं ते इथेच. प्रार्थना कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत होऊ शकते. दफनाला जमीनच लागते.

पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या ख्रिस्ती लोकांनी करिंथच्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिलं. त्यात दोन्ही मंडळ्यांचं वर्णन याच शब्दापासून झालेल्या क्रियापदाने केलं आहे: रोममध्ये उपऱ्यासारखी राहणारी, करिंथमध्ये उपऱ्यासारखी राहणारी. आपलं खरं गाव इथलं नाही, अशी ती समजूत होती. मग राजाश्रय मिळाला, उपरे मिरासदार झाले. पारोइकिया हे आधी बिशपच्या सबंध मुलखाचं नाव होतं, ते हळूहळू खाली उतरून एका धर्मगुरूच्या हद्दीचं झालं. बिशपच्या मुलखाला रोमन कारभारातला ‘दिओइकेसिस’ चिकटला. त्यातही ओइकोस आहेच, घर चालवण्याच्या अर्थाने. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पॅरिशांच्या हद्दी आखून घ्यायला सांगितलं, धर्मगुरूंनी बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या ठेवाव्यात असं ठरवलं. उपऱ्यांच्या वस्तीला असा नकाशा मिळाला आणि दप्तरही मिळालं. गोव्यातल्या आणि वसईतल्या फिर्गजी या ट्रेंटनंतरच्या शिस्तीत वाढल्या.

मराठीने या शब्दासाठी घडवला तो ‘धर्मग्राम’. वसईकडच्या छापील मराठीत हा अगदी रुळलेला आहे, धर्मप्रांत (बिशपचा मुलूख), धर्मगुरू, ख्रिस्तसभा या भावंडांसह. मातृभाषेत उपासनेला रीतसर वाट मोकळी झाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६३ मध्ये, आणि मग मराठीत अशा शब्दांची मोठी गरज पडली. १९५५ पासून निघणाऱ्या ‘सुवार्ता’ मासिकाने ती पुष्कळ भागवली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ त्याचं संपादन केलं. हेच दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे वाचकांना आठवत असेल. ख्रिस्ती मराठी म्हणजे भाषांतरित मराठी, हा गैरसमज मोडायला एवढं पुरे. नाहीतर १६१६ सालचं थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ आहेच.

प्रॉटेस्टंटांनी यासाठी ‘मंडळी’ निवडली. तीही सुंदर आहे. घरातल्या माणसांना, सभेतल्या श्रोत्यांना आणि जुन्या लोकांत बायकोलाही मंडळी म्हणतात, त्या आपलेपणासकट आली. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटला १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनने काम सुरू केलं, तेव्हा या नदीकाठी पहिली पोचली ती बहुधा हीच मंडळी. पण मंडळीला हद्द नसते आणि कॅथलिकांना हद्द हवी होती. म्हणून ग्राम.

वसईत धर्मग्राम हा शब्द अंगाबरोबर बसतो. नंदाखाल, निर्मळ, गास, गिरीज, सांडोर, पापडी: इथे गाव आणि धर्मग्राम पुष्कळसे एकमेकांवर पडतात. शेजारी तोच, भावकी तीच, सणाचा बँड तोच. हाच शब्द महाड-पोलादपुराला आणला की सैल होतो. गाव एकीकडे आणि धर्म दुसरीकडे. इथला कॅथलिक मुंबईहून, वसईहून, गोव्याहून, मंगळूरहून किंवा केरळहून आलेला. एक घर महाडात, दुसरं औद्योगिक वसाहतीत, तिसरं घाटाखाली पोलादपुरात. ज्या वाडीत तो राहतो तिच्या गावकीत तो नाही, आणि त्याच्या धर्मातला शेजारी दहा-पंधरा किलोमीटरवर. असल्या पसाऱ्याला ग्राम म्हणायचं तरी कसं?

इथे संस्कृत कोश उघडावा. ग्राम म्हणजे घरांची वस्ती हा अर्थ नंतरचा. वैदिक वाङ्मयात ग्राम म्हणजे माणसांचा तांडा, गुरं-गाड्यांसह चालणारा समूह. शतपथ ब्राह्मणात च्यवन ऋषी आणि सुकन्येची कथा आहे. तिची सुरुवातच अशी, की सुकन्येचा बाप शर्यात मानव आपल्या ग्रामासह हिंडत होता. ग्राम हिंडतो! पुढे तो म्हाताऱ्या च्यवनाच्या शेजारी मुक्काम टाकतो आणि तिथून सगळं घडतं. दोन ग्राम समोरासमोर आले की होतो तो ‘संग्राम’, असा अर्थ जाणकार लावतात. समूहाचा हा अर्थ आपण ‘स्वरग्राम’ आणि ‘इंद्रियग्राम’ यांत जपून ठेवला आहे. तिथे कुणाला कौलारू घरं दिसत नाहीत. पुढे तांडा थांबला, शेती करू लागला, आणि चालणाऱ्या माणसांचं नाव त्यांच्या जागेला पडलं. गाव हा शब्द त्या थांबलेल्या ग्रामाचा.

म्हणजे ज्याने कुणी ‘धर्मग्राम’ घडवला, त्याच्या डोळ्यांपुढे वसईचं गाव असलं तरी हाती लागला तो याहून जुना शब्द. पारोइकिया आणि ग्राम ही नावं एकमेकांना न विचारता एकाच वाटेने गेली आहेत. आधी चालणाऱ्यांची, मग थांबलेल्यांची, मग नकाशावरच्या हद्दीची. महामार्गावर महाडजवळच गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या ‘विहारा’चीही हीच कथा. विहार करणं म्हणजे फिरणं; फिरते भिक्खू पावसाळ्यापुरते थांबत, त्या मुक्कामालाही पुढे तोच शब्द आला, आणि शेवटी तो डोंगरात कोरला गेला.

चर्चच्या कायद्याने तर विसाव्या शतकात उलटा प्रवास केला. १९१७ च्या कायद्यात पॅरिश म्हणजे धर्मप्रांताच्या भूभागाचा एक वाटा होता. जमीन आधी, माणसं नंतर. १९८३ च्या नव्या संहितेत ५१५ वं कलम पॅरिशची व्याख्या करतं ती श्रद्धावंतांचा एक विशिष्ट समुदाय अशी. हद्द सहसा असावी हे पुढच्या एका कलमात येतं. वकिली वाटणारा हा बदल पोलादपुराकडच्या माणसाच्या फार कामाचा आहे. पोलादपूर तशी हद्दींची जागा आहे. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलं की सातारा जिल्हा, पुणे धर्मप्रांत. कशेडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा, २००५ मध्ये झालेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत. आणि घाटाखाली रायगड, तो मुंबई महाधर्मप्रांतात. जमिनीचाच हिशेब धरला तर इथला माणूस दूरच्या एका मोठ्या शहराच्या अगदी टोकाला पडतो. माणसांचा धरला तर जिथे चार कुटुंबं जमतात तिथे तो मध्यावर असतो.

अशा ठिकाणी पॅरिशचं रोजचं जगणं इमारतीपेक्षा घरांत जास्त चालतं. ऑक्टोबरात जपमाळ, ती घर बदलत. कुणी आजारी असेल तिथे फादर आणि ख्रिस्तशरीर. सणाला ज्याच्याकडे जागा मोठी त्याच्याकडे जेवण, आणि स्वयंपाकात गोव्याचं सोरपोतेल, वसईचं इंद्याल आणि केरळचं काहीतरी एकाच पंगतीत. मुंबईत धोबीतलावला गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ होते, काही अजून आहेत. बोटीवर जाणारे खलाशी तिथे उतरायचे, एका खोलीत वेदी आणि संध्याकाळी तेर्स. कोकणीत कूड म्हणजे खोली, आपल्याकडे कूड म्हणजे काटक्यांची आणि मातीची भिंत. चर्चपासून लांब पडलेल्यांची फिर्गज चालली ती अशा कुडातच.

आणि रविवारची मिस्सा. हा शब्द लॅटिन उपासनेच्या शेवटच्या वाक्यातून आला, जिथे लोकांना घरी जाण्याचा निरोप दिला जाई. सगळ्या विधीला निरोपाचं नाव पडावं हे चमत्कारिक खरं. पण ‘मिशन’ही त्याच ‘पाठवणे’ या क्रियापदाचा, आणि ज्यांना मिस्सेसाठी महामार्गावर एसटीची वाट पाहावी लागते त्यांना हे नाव चमत्कारिक वाटू नये.

चर्चच्या कायद्याने या माणसांची प्रतवारीही करून ठेवली आहे. संहितेच्या शंभराव्या कलमात चार लॅटिन शब्द आहेत: इन्कोला, कायमचा रहिवासी, आद्वेना, काही काळापुरता आलेला, पेरेग्रिनुस, आपल्या गावाबाहेर असलेला, आणि वागुस, ज्याचा कुठेच ठिकाणा नाही असा भटका. नवीन ठिकाणी पाच वर्षं राहिलं, किंवा कायम राहायचं मनात धरलं, की माणूस तिथला होतो. तीन महिन्यांत अर्धामुर्धा तिथला. आणि भटक्याचा धर्मगुरू कोण? तो आत्ता जिथे आहे, तिथला. ही सगळी सोय उपऱ्याची. चर्चच्या लेकराचा हिशेब मात्र वेगळा चालतो. बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या वहीत जे नाव चढलं ते तिथेच राहतं, माणूस कुठेही जावो. पोलादपुरात नोकरी करणाऱ्या मुलाचं लग्न ठरलं की बाप्तिस्म्याचा ताजा दाखला त्या मूळच्या चर्चमधून मागवावा लागतो. लग्न झाल्यावर इकडून तिकडे कळवलं जातं, आणि तिथला विगार जुनी वही काढून त्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी, समासात, कुठे, कधी आणि कुणाशी ते लिहून घेतो.